डागकाकांनी पुसलेली दीर्घिका

डागकाकांना डाग दिसायचा. तसा तो तुम्हाआम्हालाही दिसतो, पण आपण बघून पुढे जातो. काकांना पुढे जाता येत नसे. हॉटेलात गेले की आधी पेल्याची कड बघत, मग टेबलाची काच, मग चमचा, आणि मेन्यूकार्ड हातात येईपर्यंत वेटर त्यांच्यावर कायमचा रुसलेला असे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी नव्या बायकोला प्रेमानं जवळ बसवून सांगितलं होतं, की तुझ्या कानामागे शाई लागली आहे, आणि रुमाल ओला करून आणला होता. ती शाई नव्हती, तीळ होता. काकूंनी ही गोष्ट पुढे सगळ्या गणगोतात सांगितली आणि अजूनही सांगतात.

ही खोड अशी, की दुसऱ्या कुठल्याही कचेरीत लोकांनी त्यांना चार दिवसांत हात जोडले असते. पण काकांचं नशीब जोरावर. त्यांना नोकरी लागली वेधशाळेत. दुर्बीण डोंगरावर, कचेरी खाली गावात. दुर्बिणीनं रात्री काढलेले फोटो दिवसा खाली यायचे, आणि त्यातले जे कॅलेंडरांवर, पुस्तकांत, पोस्टरांवर जायचे, ते आधी काकांच्या खोलीत धुवायला यायचे. धुवायला हा त्यांचाच शब्द. आकाशाच्या फोटोत किती घाण असते हे काका भेटेपर्यंत कुणाला ठाऊक नसतं. उपग्रह जातो तो पांढरा ओरखडा ओढून जातो. काचेवर धुळीचा कण बसला की त्याचं कडं उमटतं. आणि एखादा झगझगीत तारा चौकटीत आला, की त्याचा उजेड दुर्बिणीतल्या काचांवर आपटत आपटत भलतीकडेच एक फिकट चकती उमटवतो. तिला कचेरीत सगळे भूत म्हणत. काका खुर्चीवर बसत, हात धुतलेले असले तरी पुन्हा धुवून येत, पडद्यावर पेन टेकवत आणि एकेक भूत उतरवत. त्यांच्या हातून गेलेलं आकाश असं लख्ख असे, की जणू काल रात्रीच बनवलं आहे. साहेब म्हणत, आपल्या आकाशाला डाग नाही, आणि पाहुण्यांसमोर काकांची पाठ थोपटत.

काकूंचं सगळंच उलट. त्या पाळणाघरात कामाला होत्या. दिवसभर लोकांची पोरं कडेवर घेऊन संध्याकाळी घरी यायच्या, त्या खांद्यावर दुधाचा ओघळ, बाहीला रंगीत खडू आणि कोपरावर कुणाच्या तरी नव्या दातांचे ठसे घेऊन. त्यांनी कप ठेवला की खाली गोल उमटे, कपाट उघडलं की दारावर बोटं उमटत, आणि मागून काका येऊन ते पुसत. भांडण नाही, टोमणा नाही. नुसते पुसत. काकू म्हणायच्या, यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर निदान उलट बोलता आलं असतं.

तर हे काका निवृत्त व्हायला आले, आणि एका सकाळी काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "तुम्ही रिटायर झालात की दुसऱ्या दिवशी मी लेकीकडे."

"किती दिवस?"

"बघू. सहा महिने. जास्तही. तिची एक खोली रिकामीच असते."

"चेष्टा करतेस."

"दिवसभर फडकं घेऊन मागे फिरणारा माणूस घरात असणार म्हटल्यावर चेष्टा कुणाला सुचते?" असं म्हणून काकू हसल्या.

आता काकूंच्या हसण्याची गंमत अशी, की त्या खोटं बोलताना हसत आणि खरं बोलतानाही हसत, आणि काकांना एवढ्या संसारात त्यातला फरक काही कळला नव्हता. पण मग काकूंनी माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली आणि तिची चेन दुरुस्त करून आणली. ही खरंच गेली तर काय, हा विचार काकांनी तेव्हा पहिल्यांदाच केला आणि तो त्यांना अजिबात सोसला नाही. त्यांनी बॅग आतून-बाहेरून पुसून ठेवली. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

कचेरीत शेवटचं काम मात्र दृष्ट लागण्यासारखं आलं होतं. वेधशाळेनं लोकांसाठी नवं दालन बांधलं होतं, आणि त्याची एक अख्खी भिंत, जमिनीपासून छतापर्यंत, आकाशाच्या एका तुकड्याची. वर्षानुवर्षांचे फोटो एकावर एक रचून केलेला तुकडा. काकांनी तो वीत वीत करून धुतला. मग तो उभ्या पट्ट्यांवर छापून आला, भिंतीवर चिकटला, खाली पांढरी कड सोडली गेली, आणि काका समोर उभे राहिले. काळं म्हणजे काळंच, तारे म्हणजे तारेच. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. काका त्या दिवशी घरी आले ते शीळ घालत, आणि बॅग दिसल्याबरोबर गप्प झाले.

उद्घाटनाला थोडेच दिवस उरले असताना भिंगरी दालनात आली. भिंगरी म्हणजे वरच्या मजल्यावरची संशोधक. तरुण, हुशार, आणि जिन्यावरून दोन दोन पायऱ्या एकदम उतरणारी, म्हणून भिंगरी. ती धापा टाकत आली आणि म्हणाली, "काका, मला एक दीर्घिका सापडली."

"कुठे?" काका म्हणाले. जणू किल्ली सापडली म्हणाली होती.

"इथेच. तुमच्या भिंतीवर. कशी दिसतेय बघायला आले." ती भिंतीजवळ गेली. आधी उभी राहिली, मग चवड्यांवर उंचावली, मग नाक टेकेल इतकी जवळ गेली. एका झगझगीत ताऱ्याच्या बाजूला तिनं बोट फिरवलं. तिथे काळं होतं. सुरेख, गुळगुळीत, निर्मळ काळं.

"इथे काही होतं का हो काका?"

"भूत होतं," काका अभिमानानं म्हणाले. "त्या ताऱ्याचं. तो तारा फार द्वाड. त्याची भुतं नेहमी तिथेच पडतात."

भिंगरीनं डोक्याला हात लावला आणि ती हसायला लागली. "काका, भूत होतंच. पण त्याच्या मागे दीर्घिका होती. फार स्वच्छ केलंत हो."

मग तिनं पायरीवर बसून समजावलं. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी ही जणू दोन मोठी घराणी. त्यांच्या अंगणात बारक्यासारक्या दीर्घिकांचं गोकुळ. आणि अंगण संपलं, की वेशीपलीकडे आणखी काही बुटक्या दीर्घिका, एकेकट्या. ही त्यातली. तारे इतके थोडे आणि इतके विरळ, की ती दिसते म्हणजे एखाद्यानं काचेवर उच्छ्वास टाकावा आणि तो विरत आलेला असावा, तशी. दुर्बीण जरा सरकवली की भूत जागचं हलतं. ही हलली नाही, आणि नीट बघितल्यावर तिच्यात ताऱ्यांची कणी दिसली. तिच्यापासून निघालेल्या उजेडाला आपल्यापर्यंत यायला कोटभर वर्षं लागली होती, आणि तो पोचल्या पोचल्या काकांनी पेनाच्या एका फटकाऱ्यात उडवला होता.

भूत हलतं हे काकांनाही माहीत होतं. पण रोज त्याच वळणावर तेच कुत्रं बसतं, म्हणून एखाद्या दिवशी तिथे दुसरं बसलेलं असलं तरी माणूस मान वळवून बघत नाही. शास्त्राचं काही बिघडलं नव्हतं. मूळचे फोटो वरच्या मजल्यावर जसेच्या तसे होते. बिघडलं होतं ते काकांचं. ज्या हातानं जन्मभर डाग काढले त्याच हातानं नेमकं नको ते काढलं होतं. अति तिथे माती म्हणतात, इथे अति तिथे अख्खी दीर्घिका गेली.

साहेब चिडले नाहीत. हीच तर उद्घाटनाला सांगायची बातमी, ती भिंतीवर पाहिजेच, एवढंच म्हणाले. नवा पट्टा छापावा, तर दोन वेळच्या छपाईचं काळं कधी जुळत नाही. भिंतीला ठिगळ दिसलं असतं. "काका, तुमच्याकडे ब्रश आहेत. हातानं काढा. भिंगरी जागा आणि माप दाखवील."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ब्रश होते, पण ते छपाईतले डाग झाकायचे ब्रश. त्यांनी उरलेल्या काळ्या कागदावर करडा रंग घेऊन डाग पाडून बघितला. झाला तो डाग नव्हता, शर्टाचं बटण होतं. भिंगरी म्हणाली, कड नको. दुसरा काढला. कड पुसायला म्हणून काकांचा हात आपोआप गेला आणि डागच नाहीसा झाला. तिसरा आणखी गोल आला. "काका, कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळायला नको," भिंगरी काकुळतीला आली. पण जित्याची खोड. कुठलीही गोष्ट कुठे संपते हे कळल्याशिवाय काकांना झोप येत नसे, तर हात कसा थांबावा? शेवटी ते कागदाची गुंडाळी आणि रंगाची बाटली घेऊन घरी आले.

काकूंनी जेवणाच्या टेबलावर पसरलेला तो कारखाना बघितला. "हे काय चाललंय?"

"डाग पाडतोय," काका खालच्या आवाजात म्हणाले. "जमत नाही."

काकू हसता हसता खुर्चीत बसल्या, मग उठल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा बसून हसल्या. काकांनी त्यांना हसू दिलं. मग सगळं सांगितलं, भुताचं आणि भिंगरीचं आणि त्या वेशीपलीकडच्या दीर्घिकेचं. काकूंचं हसू हळूहळू कमी झालं. "म्हणजे ती होती तिथे, आणि तुम्ही पुसलीत."

"मला वाटलं घाण आहे."

"हं," काकू म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून बाळांना पावडर लावायचा पफ काढला, रंगात बुडवला, जुन्या फडक्यावर चांगला कोरडा होईपर्यंत झटकला आणि कागदावर नुसता टेकवला, बाळाच्या गालाला लावावा तसा. एकदा इथे, एकदा जरा तिथे. कागदावर काहीतरी आलं. आलं की नाही अशी शंका यावी इतकं. काका वाकून बघत राहिले, कारण त्याला कड नव्हती.

मग काकूंनी जुना टूथब्रश घेतला आणि ताऱ्यांची कणी उडवली. थोडी कागदावर पडली, बाकीची काकांच्या शर्टावर, टेबलावर आणि भिंतीवर. काकांचा हात फडक्याकडे गेला आणि मध्येच थांबला, कारण त्यांना एकदम दुसरंच विचारायचं होतं.

"तू खरंच जाणार आहेस का गं?"

काकूंनी वर बघितलं नाही. पफ टेकवत राहिल्या. "जाणार आहे."

"पुसतो म्हणून?"

"इतकी वर्षं तुम्ही माझ्या मागून पुसत आलात. मी सकाळी उठले, चहा प्यायले, खिडकीशी उभी राहिले, पोरीचे केस विंचरले, यातलं काही घरात दिसतं का? परवा एकटीच होते तर वाटलं, या घरात मी राहते हे कुणाला पटवायचं झालं तर दाखवू काय? पाहुणी असल्यासारखं वाटतं हो. कप ठेवतानासुद्धा अंग चोरते." या वेळी त्या हसल्या नव्हत्या. काकांना फरक पहिल्यांदाच कळला. त्यांनी शर्टावरचा ठिपका बोटानं चाचपला आणि तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी भिंगरीनं काकूंचा कागद बघितला आणि म्हणाली, "हीच ती. काकू, तुम्हीच चढा."

काकू शिडीवर चढल्या. काकांनी शिडी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले, कारण आपल्या भिंतीवर डाग पडताना बघणं त्यांच्यानं होणार नव्हतं. वरून काकू विचारत होत्या, "इथे?" भिंगरी सांगत होती, "जरा डावीकडे. अजून फिकट. बास, बास." काकांनी डोळे उघडले तेव्हा त्या द्वाड ताऱ्याच्या बाजूला, काळ्यात काळं जरा कमी झाल्यासारखं काहीतरी होतं. मान वाकडी करून बघितलं तर दिसायचं, सरळ बघितलं तर नाही.

"एवढीशीच?" काकू खाली उतरता उतरता म्हणाल्या. "ही पांगून कशी जात नाही? एवढे थोडे तारे, एवढे लांब लांब."

"न दिसणारं काहीतरी धरून ठेवतं," भिंगरी म्हणाली. "अशा बुटक्यांमध्ये तेच जास्त असतं. ते काय असतं ते आम्हाला अजून कळलेलं नाही."

"घराला किल्ली एकच असेल, मग पांगणार कुठे," काकू म्हणाल्या. असं म्हणताना त्यांची शेवटची पायरी चुकली. त्या पडल्या नाहीत, कारण त्यांनी भिंतीला हात टेकला. रंगानं भरलेला अख्खा हात. खालच्या पांढऱ्या कडेवर पाची बोटांचा करडा पंजा उमटला.

काकांच्या खिशात ओला कापूस होता. तो त्यांनी बाहेर काढला आणि वाकले. काकूंनी निमूटपणे बाजूला होऊन त्यांना जागा करून दिली. रोजची सवय. आणि ते बाजूला होणं काकांनी बघितलं. आपल्या हातात कापूस दिसला की ही अशी बाजूला होते हे त्यांनी आजवर कधी बघितलंच नव्हतं, कारण त्यांची नजर नेहमी डागावर असायची.

ते सरळ उभे राहिले. "हे आकाशात नाही, कडेवर आहे," ते घसा साफ करून म्हणाले. "कडेवर असलं तर चालतं. तसा नियम आहे."

असा काही नियम नव्हता. भिंगरी जिन्याकडे बघत राहिली. साहेबांनी उद्घाटनाच्या दिवशी विचारलंच, हे काय आहे म्हणून. काका म्हणाले, "सही आहे. जिनं दीर्घिका काढली तिची." साहेबांनी मान डोलावली. लोक आले, ताऱ्यांपुढे उभे राहिले, फोटो काढले. चार जणांनी हात उंचावून त्या दीर्घिकेवर बोट घासून बघितलं, काही लागलंय का म्हणून, आणि प्रत्येक वेळी काका कोपऱ्यातून धावत आले. नोकरीतले शेवटचे दिवस त्यांनी तिथेच खुर्ची टाकून काढले. जन्मभर पुसणारा माणूस आता दिवसभर एकच सांगत होता, पुसू नका.

तुम्हाला वाटेल, मग काकू राहिल्या. राहिल्या नाहीत. एका पंजानं एवढ्या वर्षांचं भरून निघत असतं तर संसार फार स्वस्तात पडले असते. काका निवृत्त झाले, हार आणि घड्याळ घेऊन घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी काकू बॅग घेऊन निघाल्या. स्टँडवर काकांनी विचारलं नाही की कधी येशील. विचारायची लाज वाटली. काकू खिडकीतून म्हणाल्या, "जेवत जा वेळेवर." गाडी गेली.

काका घरी आले आणि फडकं काढलं. काकूंनी जाताना घाईत ठेवलेल्या वस्तूंवर थोडं काम निघालं. मग संपलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल बघितलं. स्वच्छ होतं. कपाटाची दारं बघितली. स्वच्छ. त्यांनी स्वतः चहा केला, प्यायला, कप उचलला. खाली काही नव्हतं. त्यांच्या कपाखाली कधीच काही नसे. आठवडा झाला तरी घर जसंच्या तसं लख्ख. जन्मभर ज्याच्या मागे लागले ते आपोआप आलं होतं, काही न करता, आणि काका फडकं मांडीवर घेऊन त्याच्या मध्यभागी बसले होते. भिंतींकडे बघून त्यांना रडू आलं. मोठ्या माणसाला येतं तसं, आवाज न करता आणि इकडेतिकडे बघत.

त्यांनी फोन लावला. काकूंनी उचलला तेव्हा मागून लेकीचा आवाज येत होता, "आई, पाय वर घे गं, पुसू दे."

"खाण तशी माती," काकू फोनमध्ये हळूच म्हणाल्या. "तुमचीच लेक आहे. मी खुर्चीवरून उठले की ही खुर्ची पुसते. तुमचं काय चाललंय? घर कसं आहे?"

"स्वच्छ आहे," काका म्हणाले.

"मग झालं की तुमच्या मनासारखं."

"नाही झालं." काका थांबले. पुढचं वाक्य त्यांना जड गेलं, पण त्यांनी ते पुरं केलं. "तू गेल्यापासून पुसायला काही नाही गं. कुठेच काही नाही. ये तू."

पलीकडून लेकीच्या फडक्याचा तेवढा आवाज येत होता.

"येईन," काकू म्हणाल्या. "पण दारात पाय पुसणार नाही."

"नको पुसूस," काका म्हणाले. "तशीच आत ये."